पिवळ्या धोब्याचीं चार मस्तकें

पावसाळा सरतां सरतां ओल्या शेतांत, तळ्याकांठीं व चरणाऱ्या गुरांच्या पायांशीं शेपूट वरखालीं हालवीत फिरणारा पिवळा धोबी आमच्या वाचकांनीं पाहिलाच असेल. हा येथील रहिवासी नव्हे. तो सप्टेंबर-ऑक्टोबरांत उत्तरेकडून येतो आणि एप्रिलच्या सुमारास परत जातो.

या एकाच जातीच्या अनेक उपजाति आहेत. आपल्या देशांत हिवाळा काढणाऱ्या उपजातींत पुढील चार येतात. नर मस्तकावरून ओळखावे. ‘बीमा’चें मस्तक फिकट निळसर करडें असून डोळ्यावर रुंद पांढरी रेघ असते. ‘थुनबर्गी’चें गडद करडें, त्यास रेघ बहुधा नसते. ‘ल्यूटिया’चें पिवळें, तर ‘फेल्डेग’चें काळेंभोर. पहिल्याचीं घरटीं पश्चिम सायबेरिया व कझाकस्तान येथें, दुसऱ्याचीं उत्तर स्कँडिनेव्हियापासून सायबेरियापर्यंत, तिसऱ्याचीं व्होल्गेपासून कझाकस्तानाकडे, आणि चौथ्याचीं बाल्कन प्रदेशापासून मध्य आशियापर्यंत असतात.

‘बीमा’ हें नांव आपल्या भीमा नदीवरून पडलें. कर्नल साइक्स यांनीं दख्खनच्या पक्ष्यांचें वर्णन १८३२ सालीं प्रसिद्ध केलें, त्यांत तें आलें. नांव भीमेचें, पण घरटें सायबेरियाच्या कुरणांत!

आतां आमच्याच एका चुकीची गोष्ट सांगतों. एका डिसेंबरांत आम्हीं तळ्याकांठचा एक मळकट पक्षी दाखवून वर्गास ‘बीमा’ असें लिहून दिलें. एका विद्यार्थ्यानें नम्रपणें विचारलें, “सर, हें कशावरून?” आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. हिवाळ्यांत नरांचे रंग फिके असतात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळांत नवीं पिसें येतात, तेव्हांच मस्तकाचा खरा रंग प्रगट होतो. माद्या व पिलें तर तेव्हांही निश्चितपणें ओळखतां येत नाहींत. शिवाय उपजातींचे प्रदेश जेथें भिडतात, तेथें मिश्र रूपाचे पक्षीही निपजतात.

एप्रिलांत त्याच कांठीं आम्हीं करडीं, पिवळीं व काळीं अशीं मस्तकें एकत्र पाहिलीं. दुसऱ्या दिवशीं सर्व वह्या मागवून डिसेंबरची नोंद आम्हीं स्वहस्तें दुरुस्त केली: “पिवळा धोबी, उपजाति अनिश्चित.”

विद्यार्थ्यांनो, तारीख, ठिकाण आणि डोळ्यांस दिसलें तेवढेंच लिहा. जें नाम आपणांस ठाऊक नाहीं, तें निर्मात्यास ठाऊक आहे. आपलें काम खरी साक्ष देण्याचें आहे. आणि ती देण्यासाठीं एप्रिलपर्यंत थांबावें लागलें तर थांबावें.