मालाची गाडी आणि आडवी येणारी रोही

व्यापारी बंधूंनो, घनसावंगी, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगावच्या बाजारांसाठी आपण जालन्याहून कापडाच्या गाठी पहाटे किंवा मगरिबनंतर आणतो. नेमक्या याच वेळी उसातून रोही, रानडुकरे, हरणे रस्त्यावर येतात. रोह्याचा मोठा नर २०० किलोंहून जड भरतो.

आम्ही हिशेब असा मांडतो : ६० च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर धावते, ४० च्या वेगात ११. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच एक-दीड सेकंद जातो. म्हणून उसाच्या पट्ट्यात वेग ४० ठेवावा. एक जनावर गेले की मागे कळप असतो; थांबावे. अगदी समोर आले तर ब्रेक दाबावा, स्टिअरिंग एकदम वळवू नये. भरलेला टेम्पो उलटतो.

थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या गाडीची भरपाई मिळत नाही, मालाचा विमा तर वेगळाच असतो. धडक झालीच तर वन विभागाला १९२६ वर कळवावे. मेलेले जनावर उचलून नेणे कायद्याने गुन्हा, आणि आपल्यासाठी ते मुर्दार, म्हणजे हरामच.

ड्रायव्हरचा जीव ही मालकाकडे अमानत आहे. उशीर झाला म्हणून त्याला बोलू नये. तवक्कुल म्हणजे बेफिकिरी नव्हे.