थोड्या विजेत पुरता उजेड

पालघर जिल्ह्याच्या पूर्व भागात, सह्याद्रीच्या उतारावर, जव्हार व मोखाडा हे दोन तालुके वसलेले आहेत. डोंगरउतारावर नागली आणि वरई, सखल खाचरांत भात, आणि मधून मधून विखुरलेले वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी लोकांचे पाडे, असा हा प्रदेश आहे. पावसाळ्यात ढग इतके खाली उतरतात की, दिवसाढवळ्या घरात दिवा लावावा लागतो.

येथील जुन्या घरांच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या असत. रात्री तेथे रॉकेलची चिमणी जळे. तिच्या धुराने डोळे चुरचुरत, आणि अक्षर दिसावे म्हणून मुलांना पुस्तक ज्योतीजवळ न्यावे लागे. पुढे विजेच्या तारा पाड्यांपर्यंत आल्या व आढ्याला काचेचा बल्ब लोंबू लागला. चिमणीच्या मानाने हा उजेड म्हणजे मोठेच सुख होते. परंतु त्या बल्बात एक मोठा दोष होता. तो कोणता, आणि तो दूर करण्यासाठी सरकारांनी काय केले, ते आपण पाहू.

टॉमस एडिसन यांनी १८७९ साली व्यवहारात टिकेल असा विजेचा बल्ब तयार केला. पुढे अशा बल्बात टंगस्टन धातूची बारीक तार वापरली जाऊ लागली. वीज वाहू लागली की ही तार अतिशय तापते आणि तापून उजळते. म्हणजे हा दिवा आधी शेगडी आहे व मग दिवा! त्याला दिलेल्या विजेच्या शंभर भागांपैकी जेमतेम पाच भागांचा प्रकाश होतो. उरलेले सारे उष्णतेत जातात. कोंबडीच्या लहान पिलांना ऊब देण्यासाठी असे बल्ब लावतात, ते याच कारणाने.

नव्या एलईडी दिव्यात तार तापवावी लागत नाही. त्यातील अर्धवाहक पदार्थाच्या चिमुकल्या तुकड्यातून वीज गेली की सरळ प्रकाश निघतो. निळा प्रकाश देणारा असा तुकडा बनविणे फार कठीण होते. इसामू अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांनी ते साधले, म्हणून पांढरा प्रकाश देणारे दिवे शक्य झाले. या कार्याबद्दल त्यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता थोडा हिशेब करू. ६० वॅटचा जुना बल्ब रोज ५ तास जळला, तर ३० दिवसांत ९ युनिट वीज लागते. जवळजवळ तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा तितकाच वेळ लावला, तर १.३५ युनिट पुरतात. एका दिव्यामागे महिन्याला साडेसात युनिटांहून अधिक वीज वाचली! महाराष्ट्रातील बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी, भुसावळ अशा ठिकाणी कोळसा जाळून निर्माण होते. एका युनिटासाठी सुमारे सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे मोखाड्यातील एका घराने एक दिवा बदलला, तर दूरच्या भट्टीत महिन्याला सुमारे पाच किलो कोळसा कमी जळेल.

हे ध्यानी घेऊन अनेक देशांनी जुन्या बल्बांविरुद्ध नियम केले. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २००९ पासून प्रथम १०० वॅटचे, मग दरवर्षी त्याहून लहान, असे बल्ब टप्प्याटप्प्याने २०१२ पर्यंत बाजारातून दूर केले. आपल्या देशात केरळ राज्याने २०२० साली अशा बंदीची घोषणा केली.

मग साऱ्या भारतात एकदम बंदी का केली नाही? येथे जव्हार-मोखाड्याची आठवण ठेवली पाहिजे. या भागातील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर पोटासाठी गाव सोडून वीटभट्ट्यांवर जातात. प्रारंभी एलईडी दिव्याला काहीशे रुपये पडत; जुना बल्ब थोडक्या रुपयांत मिळे. केवळ बंदी आली असती, तर श्रीमंताच्या घरी नवा दिवा लागला असता, आणि गरिबाच्या घरी पुन्हा चिमणी आली असती.

म्हणून सरकारने आधी किंमत उतरविण्याचा मार्ग धरला. ५ जानेवारी २०१५ रोजी जी योजना सुरू झाली, तिचे नाव ‘उजाला’. सरकारी कंपनीने कोट्यवधी दिव्यांची एकत्र खरेदी केली. त्यामुळे २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांना पडू लागला. काही राज्यांत ग्राहकांनी त्याचे पैसे वीजबिलातून हप्त्याने फेडले. या योजनेत देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. त्यांपैकी दोन कोटींहून अधिक महाराष्ट्रात. दिवा स्वस्त झाला, तरी तो निकृष्ट नसावा, म्हणून त्याच्या वेष्टनावर ताऱ्यांची खूण छापण्याचा नियमही झाला. तारे जितके अधिक, तितकी विजेची बचत अधिक.

मुलांनो, नियम चांगला असणे पुरेसे नाही. तो पाळणे दुबळ्यातल्या दुबळ्यालाही शक्य झाले पाहिजे. ज्याच्या घरात चार खोल्या व दहा दिवे आहेत, त्याची एक दिवा बदलताना अडचण होत नाही. ज्याच्या घरात एकच दिवा आहे, त्याचा विचार आधी व्हावा. कारण त्याच एका दिव्याखाली आई भाकरी थापते, वडील विळ्याला मूठ बसवितात, आणि कोपऱ्यात बसून एखादी मुलगी उद्याचा धडा वाचीत असते.

स्वाध्याय
१. जुन्या बल्बाला ‘आधी शेगडी व मग दिवा’ असे का म्हटले आहे?
२. केवळ बंदी घातली असती, तर गरीब कुटुंबांवर कोणता परिणाम झाला असता?
३. दिव्याची किंमत कशामुळे उतरली?
४. तुमच्या घरातील दिवे मोजा. प्रत्येकाचे वॅट व जळण्याचे तास लिहून महिन्याला किती युनिट वीज लागते, ते काढा.