पोरक्या पिलांचे उष्टावण

मंडळी, मूल सहा महिन्यांचे झाले की आपण त्याचे उष्टावण करतो. थोडी खीर त्याच्या ओठाला लावतो. पहिल्याच दिवशी कोणी त्याच्यापुढे भाकरी ठेवत नाही. कुत्र्याच्या पिलाचेही तसेच आहे. हे मला माहीत असायला हवे होते. पण मी चुकलो. ती गोष्ट सांगतो.

दिवाळी झाली होती. आमच्याकडच्या एका धनगराची कुत्री साप चावून मेली. मागे चार पिले राहिली. त्यांचे डोळे नुकतेच उघडले होते. धनगर ती पाटीत घालून माझ्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, मला मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं हाय. तुमी घरीच असता. एवढी जगवा."

मी पिले ठेवून घेतली. थंडी होती, म्हणून पाटीत गोणपाट आणि जुने लुगडे घातले. जनावरांच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "गाईचे दूध कुत्रीच्या दुधापेक्षा पुष्कळ हलके असते. नुसत्या त्याच्यावर पिले पोसत नाहीत." त्यांनी पिलांसाठी दुधाची पूड दिली. दर चार तासांनी मी कोमट दूध बाटलीने पाजू लागलो. पाजताना पिलू पोटावर ठेवायचे. तान्ह्या बाळासारखे उताणे धरायचे नाही.

चार दिवसांत मी कंटाळलो. रात्रीचे उठणे जमेना. वाटले, लवकर खाऊ लागली तर बरे. दुधात भाकरी कुस्करली आणि चमच्याने एका पिलाच्या तोंडात घातली. ते ठसकले. नाकातून दूध आले. दोन दिवसांनी ते गेले.

डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, घास फुप्फुसात गेला. पिलाला भरवायचे नसते. पिलाने आपणहून चाटायचे असते."

मग मी उरलेल्या तिघांचे उष्टावण नीट केले. ते असे :

१. वेळ ओळखा. साधारण तीन ते चार आठवड्यांनी पिलू पायांवर चालू लागते. हिरडीतून बारीक दात वर येतात. बाटलीचे बूच ते चावू लागते. तोवर थांबा.

२. उथळ ताटली घ्या. तिच्यात पिलांचे दूध कोमट करून घाला. बोट बुडवून पिलाच्या ओठाला लावा. बोट हळूहळू ताटलीकडे न्या. पिलाचे तोंड दुधात दाबू नका. सुरुवातीला ते चाटेल थोडे आणि सांडील फार. म्हणून बाटली चालूच ठेवा.

३. मग दुधात मऊ भात कुस्करा. आधी पेजेसारखे पातळ करा, मग आंबिलीसारखे, मग खिमटासारखे. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्या. ताटलीतले जसे वाढेल, तशी एकेक बाटली कमी करा. सात-आठ आठवड्यांत बाटली सुटते.

४. नुसत्या दूध-भाकरीवर पिलाचे अंग भरत नाही. उकडलेले अंडे किंवा हाडे काढलेले शिजवलेले मांस बारीक करून घाला. तिखट, कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट देऊ नका. शिजलेली हाडेही देऊ नका. ती मोडून घशात अडकतात. जवळ स्वच्छ पाणी ठेवा.

५. रोज वजन करा. वाण्याचा तराजू चालतो. वजन रोज थोडे वाढले पाहिजे. शेण पातळ झाले तर एक पायरी मागे या. पिलू मलूल दिसले, प्यायचे थांबले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. लहान जिवाच्या अंगातले पाणी लवकर आटते.

६. जंताचे औषध आणि लशी डॉक्टरांना विचारून द्या. तीन महिन्यांचे झाले की पिसाळरोगाची लस टोचून घ्या. पिलू चावले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच दवाखान्यात जा. पिलू लहान आहे म्हणून हयगय करू नका.

पावसाळ्याच्या तोंडाला धनगर परत आला. तिन्ही कुत्री अंगणात उड्या मारत होती. त्याने मोजली. "आन् चौथं, गुरुजी?"

मी खरे ते सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मेंढराचं कोकरूबी असंच असतं. ज्याची त्याला भूक लागू द्यावी."

मी तीस-पस्तीस वर्षे मुले शिकवली. किती मुलांना असा घाईने घास भरवला असेल, कोण जाणे! तुम्ही आता अक्षरे शिकत आहात. बेताबेताने चाला, पण रोज चाला.

प्रश्न :
१. चौथे पिलू का मेले?
२. पिलू खाण्याजोगे झाले हे कशावरून ओळखाल?
३. पिलाला कोणते पदार्थ देऊ नयेत?
४. तुमच्या घरच्या वासराला किंवा करडाला चारा खायची सवय कशी लावता, ते चार ओळींत लिहा.