दळणाचे सूर

पहाटेच्या प्रहरी जात्याच्या घरघरीबरोबर महाराष्ट्रातील स्त्रिया शतकानुशतके ओव्या गात आल्या. साने गुरुजींसारख्या रसिकांनी त्या वेचून 'स्त्री जीवन' या ग्रंथाच्या रूपाने वाचकांपुढे ठेवल्या. शब्द कागदावर उतरले. सूर मात्र ओसरीवरच राहिला. पुढे पिठाच्या गिरण्या झाल्या. मुळशीच्या डोंगरात काय किंवा यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणीच्या रानात काय, जाते कोपऱ्यात गेले आणि त्याबरोबर गाणेही मुके होऊ लागले.

तो सूर राखणाऱ्यांत बर्नार्ड बेल हे फ्रेंच अभियंते होत. रागगायनात स्वर कसकसा सरकतो, हे मोजणारे यंत्र त्यांनी घडविले होते. जेम्स किपेन या संशोधकासह त्यांनी 'बोल प्रोसेसर' नावाची संगणकीय योजना सिद्ध केली. तबल्याच्या कायद्याचे नियम संगणकास शिकवावयाचे, त्याने नवे पलटे रचावयाचे आणि जाणत्या तबलजींनी ते पारखावयाचे, असा तो विलक्षण प्रयोग होता. याच साधनाने बेल यांनी नृत्यासाठी संगीतही रचले.

असा हा यंत्रज्ञ खेड्यातील ओसरीवर येऊन बसला. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या होत्या. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बेल त्यांना मिळाले आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. ते अगत्याचेच होते. लिहिलेली ओवी दोन ओळींची दिसते. गाताना मात्र बाई ती ओळ मध्येच तोडते, पुन्हा उचलते, तीत 'गं', 'बाई' असे शब्द गुंफते. या चालीला बायका 'गळा' म्हणतात. शब्द तेच असले, तरी गळा पालटला की ओवी निराळी वाटते. हे कोणत्या लिपीत लिहावे? परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आर्त स्वर १९९६ साली मुद्रित झाला. तो ऐकला म्हणजे कागदाचे उणेपण तत्काळ ध्यानी येते.

पॉइटवाँ २००४ साली व हेमाताई २०१० साली निवर्तल्या. ध्वनिमुद्रणे गुरुग्राम येथील संगीत-संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संस्थेने, गाणाऱ्या स्त्रीचे व तिच्या गावाचे नाव देऊन, त्या ओव्या सर्वांना ऐकण्यास खुल्या करण्यास आरंभ केला.