निकालाआधीचा आनंद

पदवी परीक्षेचा शेवटचा पेपर संपला की वर्गातील मुलेमुली एकमेकांच्या शर्टांवर, ओढण्यांवर सह्या करतात, कोणी शाई उडवितो, तर कोणी सगळ्यांच्या चहाचे पैसे देऊन टाकतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, "अजून निकाल कुठे लागलाय? मग एवढा आनंद कसला?" प्रश्न वाजवी आहे. समाजशास्त्राची विद्यार्थिनी या नात्याने त्याचे उत्तर शोधण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

आर्नोल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाने १९०९ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संक्रमणविधींच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत : जुन्या स्थितीपासून अलग होणे, उंबरठ्यावर असणे आणि नव्या स्थितीत सामावले जाणे. ही मांडणी महाविद्यालयास लावून पाहू. निरोप समारंभ परीक्षेपूर्वी होतो. तो आपले प्राध्यापक व धाकटे वर्ग घडवून आणतात. पदवीदान निकालानंतर होते. ते विद्यापीठाचे, आणि केवळ उत्तीर्णांचे. मधल्या उंबरठ्यासाठी मात्र अधिकृत विधी नाही. तो विद्यार्थ्यांनी आपला आपणच निर्माण केला आहे.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडातील ऑक्सफर्ड विद्यापीठात परीक्षार्थी गडद पोशाख व झगा घालून पेपरास बसतात. पहिल्या पेपरला पांढरे, मधल्या पेपरांना गुलाबी व शेवटच्या पेपरला तांबडे कार्नेशनचे फूल लावण्याची तेथे रीत आहे. तांबडे फूल लावलेला विद्यार्थी बाहेर आला की मित्र त्याच्यावर रंगीत कागदाचे कपटे, फेस, प्रसंगी पीठदेखील उधळतात. या प्रकारास 'ट्रॅशिंग' म्हणतात. अन्नाची नासाडी व रस्त्यावरचा कचरा पाहून विद्यापीठाने त्यावर दंड ठेवला, तरी प्रथा टिकून आहे. आणि तेथेही त्या दिवशी निकाल कोणाला ठाऊक नसतो.

आता आपल्या एका जुन्या शब्दाकडे वळू. पदवीधरास आपण 'स्नातक' म्हणतो. स्नातक म्हणजे ज्याचे स्नान झाले आहे तो. गुरुगृही अध्ययन संपले की समावर्तनाच्या वेळी शिष्य मेखला उतरवीत असे, स्नान करून नवी वस्त्रे नेसत असे. पारस्कर गृह्यसूत्रात स्नातकांचे तीन प्रकार दिले आहेत. वेदाध्ययन पुरे केले पण व्रताचा काळ पुरा केला नाही, तो विद्यास्नातक; व्रताचा काळ पुरा केला पण अध्ययन अपुरे राहिले, तो व्रतस्नातक; आणि दोन्ही पुरे केले तो विद्याव्रतस्नातक. म्हणजे ज्याचे अध्ययन अपुरे राहिले, त्यालाही स्नानाचा मान होता. अर्थात् ते दार वरच्या वर्णांतील मुलांपुरतेच उघडे होते, हे विसरून चालणार नाही. मी त्या दाराबाहेरच उभी राहिले असते.

मला वाटते, वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर या 'व्रतस्नातक' शब्दात आहे. निकाल विद्या मोजतो. व्रत मोजण्याची सोय गुणपत्रिकेत नाही. माझी एक वर्गमैत्रीण पहाटे दोन घरच्या पोळ्या लाटून पहिल्या तासाला हजर असते. इंग्रजी तिला जड जाते. निकालानंतर आमच्या वर्गाचे पास आणि नापास असे दोन भाग पडतील, आणि ती कोणत्या भागात असेल ते आज सांगता येत नाही. परंतु शेवटच्या पेपरच्या दिवशी ती आणि वर्गात पहिली येणारी मुलगी यांत काडीचाही फरक नसेल. सबंध वर्ग एक असण्याचा तो शेवटचा तास आहे, म्हणून तो साजरा करावयाचा.

मात्र हे कारण मान्य केले तर साजरे करण्याची रीतही त्याला शोभेशी हवी. वर्गणी एवढी नसावी की कोणाला एस.टी.चे निमित्त सांगून निघून जावे लागेल. ज्याच्याजवळ एकच बरा शर्ट आहे, त्याच्यावर शाई उडवू नये. सह्यांना वहीचे पान पुरे. आणि वर्गाचा फोटो निकालानंतर न काढता त्याच दिवशी काढावा, म्हणजे त्यात सगळे असतील. हा अंक हाती पडेल तेव्हा आमची परीक्षा तोंडावर आलेली असेल. वर्गप्रतिनिधींनी या तीन सूचनांचा विचार करावा, एवढीच विनंती.