गर्दीचे पथ्य

मनोरंजन उद्यानातून परतलेल्या कुटुंबांपैकी जी दुसऱ्या दिवशी दवाखान्याची पायरी चढतात, त्यांची कैफियत शांतपणे ऐकून घेतली तर असे आढळते की, ज्या उंच पाळण्यांची आणि रोलर कोस्टरची धास्ती घेऊन ती मंडळी घरून निघालेली असतात, त्यांचा या दुखण्याशी फारच थोडा संबंध असतो. पाळणा दोन-तीन मिनिटांत माणसाला खाली उतरवून मोकळा होतो. त्याच्यासाठी लावलेली रांग मात्र तासभर उन्हात तिष्ठत ठेवते. घेरी, उलट्या, कपाळशूळ, लघवीची जळजळ, मुलाच्या अंगातली कणकण आणि आजींच्या घोट्यांवरची सूज ही बहुतेक सारी त्या ताटकळण्याची फळे होत. म्हणूनच ‘मुलांना घेऊन जायचे आहे, बरोबर कोणती औषधे ठेवू?’ असे कोणी विचारले की, औषधांची यादी लिहिण्यापूर्वी मी जाण्याची तारीख विचारतो.

या जातीच्या उद्यानांचे आद्यपीठ म्हणजे अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात अनाहाइम येथे उभारलेले डिस्नेलँड. १७ जुलै १९५५ रोजी, भर उन्हाळ्यातल्या रविवारी, त्याचे उद्घाटन झाले. मोजक्या निमंत्रितांसाठी सारा बंदोबस्त केलेला असताना बनावट निमंत्रणपत्रिकांमुळे सुमारे २८,००० माणसे आत लोटली, पारा ३८ अंशांच्या आसपास पोहोचला, नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे कित्येक नळ कोरडे राहिले आणि नुकतेच अंथरलेले डांबर इतके मऊ पडले की, स्त्रियांच्या बुटांच्या टाचा त्यात रुतू लागल्या. ऊन, जनसंमर्द आणि पाण्याचा तुटवडा या तिघांची युती पहिल्याच दिवशी जमली होती, आणि वैद्यकाच्या दृष्टीने पाहिले तर पुढच्या सत्तर वर्षांत या क्षेत्रात त्याहून निराळा असा एकही शत्रू उपजलेला नाही. आपल्याकडे गोराईला १९८९ साली एस्सेल वर्ल्ड आले, २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले; यंत्रे बदलली, तिकिटाचे दर बदलले, परंतु रांगेत उभ्या राहणाऱ्या देहाचा स्वभाव काही बदलला नाही.

हा स्वभाव थोडा समजून घेण्यासारखा आहे. माणूस उभा राहिला की, अर्धा-पाऊण लिटर रक्त गुरुत्वाकर्षणाने पोटात आणि पायांत उतरते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून ते रक्त पुन्हा हृदयाकडे ढकलीत असतात. रांगेत मात्र माणूस चालत नाही आणि बसतही नाही, त्यामुळे तो पंप जवळजवळ बंद पडतो. त्यात उष्म्यामुळे त्वचेखालच्या रक्तवाहिन्या विस्फारलेल्या, घामावाटे पाणी व क्षार गेलेले, आणि सकाळी घाईत न्याहरी बुडालेली. अशा स्थितीत मेंदूला होणारा रक्तपुरवठा क्षणभर कमी पडतो आणि धडधाकट तरुणही धाडकन कोसळतो. त्याला उचलून उभे करण्याची जी परोपकारी घाई भोवतालची मंडळी करतात, ती सर्वस्वी चुकीची होय. त्याला सावलीत आडवे करून पाय उंच ठेवावेत, म्हणजे बहुधा मिनिटाभरात तो स्वतःच ‘काय झाले?’ म्हणून विचारतो. रांगेत ज्यांना उभे राहावेच लागते, त्यांनी पायांची बोटे आवळावीत, टाचा वरखाली कराव्यात. इतरांना ते थोडे विचित्र दिसेल, परंतु पोटऱ्यांच्या स्नायूंना तेवढेही पुरते.

लहान मुले आणि वृद्ध यांची गोष्ट याहून नाजूक आहे. मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असल्यामुळे भोवतालची उष्णता त्याच्या अंगात लवकर शिरते, त्याला घाम प्रौढापेक्षा कमी येतो, आणि खेळाच्या धुंदीत तहान लागल्याचे सांगण्याचे भान त्याला राहत नाही. वृद्धांची तहानच मुळात मंदावलेली असते. त्यातून रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातल्या पाण्याचा हिशेब दुपारपर्यंत पुरता बिघडतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम येतो खरा, पण त्याचे बाष्पीभवन होत नाही, आणि बाष्पीभवनाखेरीज घाम अंग निववू शकत नाही. उघड्यावरची दाट गर्दी आणि दुपारचे ऊन एकत्र आले म्हणजे काय अनर्थ ओढवतो, हे १६ एप्रिल २०२३ रोजी रायगड जिल्ह्यातच, खारघरच्या मैदानावरील सोहळ्यात आपण पाहिले आहे. उष्माघाताने दगावलेली ती माणसे श्रद्धेने आली होती, आपण हौसेने जातो, एवढाच काय तो फरक, आणि उन्हाला तो कळत नाही.

आता कोणी म्हणेल की, गर्दी थोडी कमी असली म्हणून असा कितीसा फरक पडणार? तो अपेक्षेपेक्षा पुष्कळच पडतो, आणि त्याचे गणित कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करणाऱ्या एरलांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ सालापासून मांडून ठेवले आहे. समजा, एक पाळणा ताशी ६०० माणसे वाहून नेतो. ताशी ५०० आली तर रांग नाममात्र. ताशी ७०० आली तर तीन तासांत ३०० माणसे तुंबतात आणि नव्याने येणाऱ्याला अर्धा तास उभे राहावे लागते. हीच आवक ९०० झाली, म्हणजे माणसे तिसऱ्या हिश्श्यानेही वाढली नाहीत, तरी तेवढ्याच वेळात तुंबारा ९०० चा होऊन प्रतीक्षा दीड तासावर जाते. माझ्या दवाखान्यातल्या बाकाचेही असेच आहे. नेहमीपेक्षा चारच रोगी जास्त आले की, शेवटच्याला जेवायला रात्र होते. तेव्हा गर्दीचा दिवस टाळणे ही केवळ सोयीची बाब नसून, उन्हात उभे राहण्याची मात्रा निम्म्याहून खाली आणण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दिवस निवडावा कसा? येथे पंचांग, शाळेचे वेळापत्रक आणि हवामान हे तिन्ही समोर ठेवावे लागतात, आणि एकट्याच्या भरवशावर राहिल्यास फसगत होते. मे महिना, दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा, आणि शुक्रवार किंवा सोमवार जोडून आलेली कोणतीही सुट्टी हे काळ सरळ नामंजूर करावेत. या दिवसांत खोपोलीला पोहोचण्यापूर्वीच द्रुतगती मार्गावर निम्मी शक्ती खर्ची पडते आणि मागच्या आसनावरचे मूल उद्यान दिसण्याआधीच ओकून मोकळे होते. डिसेंबर-जानेवारीची हवा सुखद, म्हणून अनेक जाणती माणसे त्या दिवसांतला बुधवार निवडतात आणि फाटकाशी शाळांच्या सहलींच्या बसगाड्यांची ओळ पाहून थबकतात. या दोन महिन्यांत आडवारही निर्धोक नसतो. निघण्यापूर्वी उद्यानाच्या कचेरीत दूरध्वनी करून त्या दिवशी किती शाळा येणार आहेत, याची खातरजमा करून घ्यावी. विचारण्यात संकोच कसला?

माझी पहिली पसंती फेब्रुवारी आणि मार्चचा पूर्वार्ध यांना आहे. दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे घराघरांत कडक शिस्तीचा अंमल सुरू झालेला असतो, सहलींचा हंगाम ओसरलेला असतो, आणि ऊन अजून माणसाच्या ओळखीचे असते. त्यातही मंगळवार, बुधवार, गुरुवार हे तीन वार उत्तम. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी आणि महाशिवरात्र मात्र वगळावी. दुसरी पसंती पितृपक्षाच्या पंधरवड्याला. गणपतीत झालेल्या खर्चाने खिसा हलका झालेला, शुभकार्ये थांबलेली, सहामाही परीक्षा तोंडावर. अशा वेळी हौसेने घराबाहेर पडणारे थोडेच असतात, आणि ज्यांच्या घरी या गोष्टीचा विधिनिषेध नाही, त्यांनी या सवलतीचा लाभ जरूर घ्यावा. पंधरवडा ऑक्टोबरात सरकलेला असेल तर मात्र त्या महिन्याचा उष्मा लक्षात ठेवावा. जूनच्या मध्यावर शाळा उघडल्यानंतरचे आठवडेही मोकळे असतात, परंतु घाटाच्या पायथ्याचा पाऊस कोणाची भीड ठेवत नाही. विजा चमकू लागल्या की, उघड्यावरची यंत्रे थांबवली जातात, पायवाटा निसरड्या होतात, आणि गुडघ्याचे दुखणे असलेल्या माणसाचे त्या दिवशी तेथे काही काम नाही. पावसाळ्यात डोळ्यांची साथही फिरत असते. जुलै २०२३ मध्ये आळंदीच्या शाळांतून ती कशी पसरली, हे पुष्कळांना स्मरत असेल. हजारो हातांनी धरलेल्या दांड्याला हात लावून तोच हात डोळ्यांना लावायचा नाही, एवढी ताकीद मुलांना द्यावी.

दिवसाइतकीच घटकाही महत्त्वाची. मुंबई-पुण्याची कुटुंबे न्याहरी उरकून निघतात आणि अकराच्या सुमारास दाखल होतात. आपण फाटक उघडण्यापूर्वी हजर राहावे, आणि प्रवेशद्वाराजवळच्या पहिल्याच पाळण्याचा मोह टाळून थेट टोकाशी जावे, कारण गर्दी नेहमी दाराकडून आत पाझरत जाते. ज्यांच्या रांगा सर्वांत लांब होतात ते मोठे पाळणे या पहिल्या दोन तासांत आटोपावेत. पोट तेव्हा हलके असते, त्यामुळे मळमळीचाही धोका कमी. जेवण साडेअकराला तरी घ्यावे किंवा अडीचनंतर तरी. एक ते दोन ही वेळ भोजनगृहात उभे राहण्याची नव्हे. दुपार छताखालच्या, थंड केलेल्या खेळांना द्यावी, आणि चार वाजल्यानंतर ज्या मुलात अजून जीव असेल त्याला बाहेर सोडावे.

मधुमेही व्यक्तींनी येथे विशेष सावध राहिले पाहिजे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन मंडळी रांगेत उभी राहतात, जेवण तासाभराने लांबते, पायपीट दुप्पट होते, आणि साखर खाली जाऊन घाम व थरथर सुरू झाली की ‘ऊन लागले’ असे म्हणून ती बाब सोडून दिली जाते. खिशात ग्लुकोजची पूड किंवा साखरेच्या पुड्या असाव्यात. इन्सुलिनची कुपी तापलेल्या मोटारीत ठेवू नये. हृदयविकार, मानेचे वा पाठीचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल, तर वेगवान यंत्रांवर चढण्याची मुभा मी कोणालाही देत नाही, आणि गर्दी नाही म्हणून देणारही नाही.

स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट मला आग्रहाने लिहिली पाहिजे, कारण ती कोणी आपण होऊन सांगत नाही. स्वच्छतागृहापुढची रांग पाहून अनेकजणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि लागलेली लघवी संध्याकाळपर्यंत दाबून धरतात. दोन दिवसांनी जळजळ, ओटीपोटात दुखणे, कधी हुडहुडी भरून ताप, असा तो हिशेब चुकता होतो. कमी गर्दीच्या दिवसाचा सर्वांत मोठा लाभ कोणाला होत असेल, तर तो या भगिनींना. दर दीड-दोन तासांनी, गरज वाटो वा न वाटो, जाऊन यावे, आणि पाणी घोटघोट पीत राहावे. पुष्कळ घाम जात असेल तर एक लिटर पाण्यात जलसंजीवनीची एक पूर्ण पुडी विरघळवून ते पाणी घ्यावे. १९७१ साली डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत, पटकीने मरणाऱ्या माणसांसाठी, मीठ-साखरेचे साधे द्रावण पिंपांतून वाटले, त्याच जातीचे हे औषध आहे. रंगीत खोक्यांतून मिळणारी गोड पेये जलसंजीवनीच्या नावाशी कितीही लगट करोत, त्यांना ती सर नाही.

घरातील आजी किंवा आजोबा ‘मी इथेच पिशव्या सांभाळत बसते’, ‘मी बसतो’ म्हणतात, आणि त्यांना ऊन सरकत येणाऱ्या कठड्यावर बसवून सारे कुटुंब चार-चार तास दिसेनासे होते. हा दस्तूर बंद झाला पाहिजे. पिशव्या कुलूपबंद कप्प्यात ठेवाव्यात, आणि आजींपाशी पाळीपाळीने कोणीतरी असावे. थकव्यापलीकडची लक्षणे ओळखता आली पाहिजेत: अंग भाजत असेल, बोलणे असंबद्ध होत असेल, ओळख पटेनाशी झाली असेल, तर तो उष्माघात समजावा. घाम आहे की नाही, याची चिकित्सा करीत बसू नये. कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा, शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. निवविण्याचे काम ती येईपर्यंत थांबवू नये.

उरला प्रश्न शाळेचा, कारण फेब्रुवारीतला बुधवार म्हटला की, मुलाचा एक दिवस बुडणार. बुडू द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चौथीतल्या मुलाचा एक दिवस भरून निघतो, मे महिन्यातला उष्माघात भरून निघेलच असे नाही. वर्गशिक्षिकेला खरे कारण लिहून रजेचा अर्ज द्यावा. काही पालक त्याऐवजी मजकडे तापाचा दाखला मागण्यास येतात, आणि अर्जदार चिरंजीव टेबलाशेजारी खुर्चीवर उभे राहून पंख्याला हात पोहोचतो का, हे पाहत असतात. असा दाखला येथे मिळत नाही.