फायली मिळाल्या, फ्लॉप्या गेल्या

"सर, सगळ्या फायली निघाल्या. आता त्या फ्लॉप्यांचं काय करायचंय?" असं म्हणत डेटा रिकव्हरीवाल्याने माझ्या हाती पेनड्राइव्ह ठेवला. फ्लॉप्या त्याने मला न विचारताच भंगारात घातल्या होत्या. पैसे मात्र चोख घेतले.

केंद्र सरकारच्या १९८४च्या क्लास प्रकल्पातून ज्या शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले, त्यांतल्या एका शाळेत मी शिकवत होतो. पाढे आणि शुद्धलेखनाचे माझे प्रोग्राम त्या फ्लॉप्यांवर होते. यंत्रात देवनागरी नव्हती. एकेक ठिपका मांडून मी ३२ आकार बनवले होते. प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे २५६ बाइटची एक फाइल.

त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या बीबएम या एम्युलेटरवर पाढ्यांचा प्रोग्राम सुरू झाला आणि अक्षरांची फाइल उचलताच सगळं गोठलं. पुन्हा तेच, पुन्हा तेच. शेवटी फाइलची माहिती मागवली, तर लोड पत्ता शून्य! तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डीएफएसमध्ये, म्हणजे त्या यंत्राच्या डिस्क-व्यवस्थेत, फाइल मेमरीत कुठे बसायची तो पत्ता फाइलच्या आत नसतो; तो डिस्कच्या पहिल्या दोन सेक्टरांतल्या कॅटलॉगमध्ये असतो. नुसती फाइल उचलली की पत्ता मागेच राहतो. म्हणून जाणकार माणूस प्रत्येक फाइलसोबत पत्त्याची एक छोटी 'इन्फ' फाइल ठेवतो. माझी अक्षरं ३०७२ या त्यांच्या पत्त्याऐवजी शून्यावर गेली, म्हणजे यंत्र स्वतःच्या कामाच्या नोंदी ठेवतं नेमक्या त्या जागेवर.

रिकव्हरीवाल्याला फोन केला. "एकेका ओळीच्या फालतू फायली होत्या, साफ केल्या." आणि डिस्कची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत? "ती कशाला ठेवायची?" ऐंशी ट्रॅकच्या एका बाजूची इमेज २,०४,८०० बाइटची असते. मोबाइलमधला एक फोटोसुद्धा याहून मोठा निघतो. वर मलाच ऐकवलं, "तुमचा प्रोग्रामच बिघडलेला असेल."

३०७२ मला पाठ होता, म्हणून अक्षरं परत आली. पण डीएफएस फ्लॉपीच्या दोन बाजूंना दोन ड्राइव्ह मानतो, ० आणि २. दोन्हींचे कॅटलॉग वेगळे, प्रत्येकात फार तर ३१ फायली. या गृहस्थाने ० वाचून काम संपवलं. २ वर माझ्या विद्यार्थ्यांनी लिहिलेले प्रोग्राम होते. त्यांतला एकही उरला नाही.

तेव्हा काम देताना फायली मागू नका, इमेज मागा: एका बाजूची एसएसडी, दोन्ही बाजूंची डीएसडी. डीएसडीत दोन्ही बाजूंचे ट्रॅक आळीपाळीने येतात, म्हणून तिचं नाव बदलून एसएसडी करू देऊ नका. कॅटलॉग दिसेल, पण फायली भलत्याच उघडतील. ड्राइव्ह २ चा कॅटलॉग दुकानदारासमोर उघडून बघा. प्रती दोन ठिकाणी ठेवा. पावती घ्या. आणि मूळ फ्लॉप्या परत मिळतील हे त्या पावतीवर लिहून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.